ठिणगी केव्हा पडावी?

वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. चढ पाचशे मीटरांहून अधिक आहे. १९९६ सालच्या मे महिन्यात या घाटात आमची गाडी दोनदा उकळली. गाडी १९७८ सालची ॲम्बॅसडर, आम्हा दोघांपैकी एकाच्या मामांनी भरपूर वापरून मग आमच्या हवाली केलेली. सपाटीवर ती बरी चालायची; चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये ओढेना, आणि दुसऱ्यात टाकली की पाण्याच्या तापमानाचा काटा वर सरकू लागे. गॅरेजमध्ये नेली तेव्हा मेकॅनिकने दोन मिनिटे आवाज ऐकला आणि निकाल दिला, "सर, रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागेल." त्याने सांगितलेला खर्च आम्हा दोघांच्या एका महिन्याच्या एकत्रित पगारापेक्षा जास्त होता.

आमच्यापैकी एक भौतिकशास्त्र शिकवणारा, दुसरा गणित. इंजिनाचे चित्र फळ्यावर आम्ही कित्येकदा काढले होते, पण त्याला हात फारसा लावला नव्हता. तरीही एक शंका आली. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या तर तेल वर चढून जळते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि तेल वरचेवर भरावे लागते. आमच्या गाडीला यातले काहीच नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणाहून कॉम्प्रेशन मोजायचा गेज आणला, चारही प्लग काढून एकेक सिलिंडर तपासला. चारही आकडे जवळजवळ सारखे आणि पुरेसे आले. म्हणजे रिंगा ठीक होत्या. रेडिएटर स्वच्छ होता, फॅनचा पट्टा ताणलेला होता, हवेचा फिल्टर तुंबलेला नव्हता, क्लच घसरत नव्हता. मग संशय उरला तो ठिणगीच्या वेळेवर, मेकॅनिक ज्याला 'टायमिंग' म्हणतात त्यावर.

पाठ्यपुस्तकात चार फेऱ्यांच्या इंजिनाचे वर्णन साधारण असे असते: दट्ट्या वर येतो, मिश्रण दाबले जाते, तो माथ्यावर पोचला की ठिणगी पडते, स्फोट होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. या वर्णनात दोन चुका आहेत. पहिली, सिलिंडरमध्ये स्फोट होत नाही. पेट्रोलच्या वाफेचे आणि हवेचे मिश्रण प्लगपासून सुरुवात करून पुढे पुढे जळत जाते. गवताला एका टोकाला काडी लावल्यावर ज्वाळेची कड पुढे सरकावी तसे. दुसरी चूक पहिलीतूनच निघते. जळायला वेळ लागत असेल तर दट्ट्या माथ्यावर पोचल्यावर ठिणगी टाकून उपयोग नाही. दाब वाढेपर्यंत तो अर्ध्या वाटेने खाली निघून गेलेला असेल. ठिणगी आधी पडायला हवी, इतकी आधी, की दाब सर्वात जास्त होईल तेव्हा दट्ट्या माथा ओलांडून थोडासाच, क्रँकशाफ्टच्या मापाने सुमारे १० ते १५ अंश, पुढे गेलेला असेल.

किती आधी, हे वर्गात गणिताने काढता येते. समजा मिश्रण जळून दाब शिखरावर पोचायला २ मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट एका सेकंदात ४,८०० अंश फिरतो, म्हणजे २ मिलिसेकंदांत साडेनऊ अंशांच्या आसपास. तेच ३,००० फेऱ्यांना सेकंदाला १८,००० अंश होतात आणि त्याच २ मिलिसेकंदांत क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरून जातो. गती वाढेल तशी ठिणगी अधिकाधिक आधी पडली पाहिजे हे इथे लगेच दिसते. प्रत्यक्षात गती वाढली की सिलिंडरमधील मिश्रण अधिक घुसळले जाते आणि ज्वाळाही अधिक वेगाने पसरते, म्हणून ३६ अंश लागत नाहीत, थोडे कमी पुरतात. पण वाढ हवीच. 'या गाडीचे टायमिंग किती?' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच एका आकड्यात देता येत नाही. ते गतीबरोबर बदलणारे आहे, आलेखावरच्या वक्ररेषेसारखे. आमची सगळी फसगत पुढे झाली ती हे फळ्यावर माहीत असून बॉनेटखाली विसरल्यामुळे.

ठिणगी उशिरा पडली तर काय होते? जळण उशिरापर्यंत चालू राहते. वायू दट्ट्याला ढकलण्याचे काम कमी करतात आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्टला देतात. गाडी ओढत नाही, पाणी तापते, पेट्रोल जास्त लागते, कधी सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो. फार आधी पडली तर दट्ट्या वर येत असतानाच दाब त्याला उलटा रेटू लागतो. हँडल मारून सुरू करायच्या जुन्या गाड्यांत हँडल उलटे फिरून मनगट मोडायचे ते याचमुळे. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. ज्वाळा अजून पोचलेली नाही अशा कोपऱ्यातले मिश्रण दाब आणि उष्णता यांमुळे आपणहून, एकदम पेटते. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते फार काळ चालले तर प्लगची चिनीमाती तडकते, दट्ट्याचा माथा खरवडून निघतो.

या नॉकिंगचा इतिहासही चुकीच्या निदानापासून सुरू होतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉईल आणि उघडझाप करणारे पॉइंट अशी प्रज्वलनपद्धती तयार केली आणि ती १९१० च्या कॅडिलॅक गाडीत बसवली गेली. पुढे गाड्यांमधून खडखडाट ऐकू येऊ लागला तेव्हा टीकाकारांनी दोष या नव्या प्रज्वलनपद्धतीला दिला. खरे कारण शोधायचे काम केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी केले आणि खडखडाट इंधनाच्या गुणधर्मातून येतो हे दाखवले. १९२१ च्या डिसेंबरात त्यांना त्यावर टेट्राएथिल लेड हा उपाय सापडला. त्या शिशाने जगभर जे विष पसरवले ती वेगळी कहाणी आहे. भारतात शिशाचे पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले. केटरिंग यांची ती पद्धत मात्र जवळजवळ तशीच आमच्या ॲम्बॅसडरमध्ये होती.

ती अशी चालते. कॉईलमध्ये कमी वेढ्यांची आणि पुष्कळ वेढ्यांची अशी दोन गुंडाळी असतात. पॉइंट मिटलेले असताना पहिल्या गुंडाळीतून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. डिस्ट्रिब्युटरमधला चार कोपऱ्यांचा कॅम पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळते आणि दुसऱ्या गुंडाळीत १५-२० हजार व्होल्ट निर्माण होतात. फॅरडेचा नियम शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही. ठिणगी पॉइंट मिटताना नव्हे तर उघडताना पडते, हे विद्यार्थ्यांकडून नक्की करून घ्यावे. पुढचे सारे निदान त्यावर उभे आहे. रोटर हा विद्युतदाब एकेका प्लगला वाटत जातो, या इंजिनात १, ३, ४, २ या क्रमाने. प्रत्येक सिलिंडरला क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते, म्हणून डिस्ट्रिब्युटर निम्म्या गतीने फिरतो.

गतीनुसार ठिणगी आधी आणण्याची सोयही त्याच भांड्यात आहे. पॉइंटच्या पट्टीखाली दोन लहान वजने स्प्रिंगांनी बांधलेली असतात. गती वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला फिरण्याच्या दिशेनेच थोडे पुढे वळवतात. पॉइंट लवकर उघडतात. याखेरीज बाजूला व्हॅक्यूमची डबी असते. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना मिश्रण विरळ असते, सावकाश जळते. तेव्हा कार्बोरेटरकडून येणारी ओढ डबीतला पडदा खेचून ठिणगी आणखी थोडी आधी आणते. पेडल पूर्ण दाबले की ओढ संपते आणि ही जादाची सवलत मागे घेतली जाते.

आता आमच्या गाडीकडे येऊ. झाकण काढून पॉइंटची फट मोजली. पुस्तिकेप्रमाणे ती ०.३५ ते ०.४० मिमी हवी होती, आमची जेमतेम ०.२० निघाली. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजली होती. टाच झिजली की कॅमचा कोपरा तिला उशिरा गाठतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते.

किती उशिरा, हे मोजायला १२ व्होल्टचा एक लहान बल्ब आणि दोन वायरी पुरतात. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरावा आणि इंजिन हँडलने हळू फिरवावे. अंगठा उचलला जाऊ लागला की दट्ट्या दाबाच्या फेरीत वर येत आहे असे समजावे. पुलीवरची खाच जवळ आली की थांबावे. बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या धातूला लावून स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले असेपर्यंत प्रवाह त्यांच्यातून जातो, बल्ब विझलेला राहतो. इंजिन आणखी हळूच फिरवले की एका क्षणी बल्ब लागतो. तोच ठिणगीचा क्षण. त्या वेळी खाच कुठे आहे ते पाहायचे. अंशांच्या खुणा दिसत नसतील तर पुलीचा व्यास मोजावा. आमची १४ सेंमी होती; परिघ ४४० मिमी, म्हणजे एका अंशाला १.२ मिमी. बल्ब ठरल्या जागेपेक्षा सुमारे ८ मिमी उशिरा लागला. साडेसहा अंश!

नवे पॉइंट घातले, फट नीट केली, बल्ब योग्य जागी लागू लागला. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी फट, मग टायमिंग. फट बदलली की टायमिंग बदलते, पण टायमिंग बदलल्याने फट बदलत नाही. अनेक ठिकाणी उलट करतात, आणि मग फट सुधारताच नीट लावलेले टायमिंग हलते.

गाडी सुधारली, पण अर्धीच. घाटात तापणे कमी झाले तरी दुसऱ्या गिअरमध्ये ती अजून मरगळलेलीच होती. तेव्हा आम्ही तो प्रसिद्ध उपाय केला. इंजिन मंद चालू ठेवून, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून, तो रोटरच्या दिशेच्या उलट थोडा थोडा फिरवत गेलो. इंजिन अधिकाधिक चपळ वाटू लागले, फेरे वाढले, आणि जिथे आवाज सर्वात गोड लागला तिथे क्लॅम्प घट्ट केला. याला कानाने टायमिंग लावणे म्हणतात. मोठमोठे अनुभवी लोक हे करतात आणि पुष्कळदा त्यांना ते साधतेही, पण ते त्यानंतर गाडी चढावर चालवून पाहतात आणि परत थोडे मागे घेतात. बिनभाराच्या इंजिनाला ठिणगी गरजेपेक्षा आधी पडलेली आवडते. त्याच्यावर ओझे नसल्यामुळे नॉकिंगची भीती नसते. म्हणून नुसत्या मंद गतीवर कानाने लावलेले टायमिंग बहुधा फार पुढे जाते.

पुढच्या रविवारी घाटात जे झाले त्याने आम्ही बुचकळ्यात पडलो. तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पेडल दाबताच हरभऱ्यांचा डबा वाजू लागला. म्हणजे ठिणगी फार आधी पडत होती. दुसऱ्या गिअरमध्ये, तीन हजारांच्या आसपास फेरे असताना, गाडी पुन्हा मरगळली आणि काटा वर सरकला. म्हणजे ठिणगी उशिरा पडत होती. एकाच गाडीत, एकाच चढावर, पाच मिनिटांच्या अंतराने दोन्ही! डिस्ट्रिब्युटर कोणत्या बाजूला फिरवायचा?

खरे म्हणजे उत्तर या दोन लक्षणांच्या जोडीतच होते. कमी गतीला लवकर आणि जास्त गतीला उशिरा, याचा अर्थ ठिणगीची जागा गतीबरोबर बदलतच नव्हती. वक्ररेषेच्या जागी आमच्याकडे आडवी सरळ रेषा होती. ती वर उचलली की एका टोकाला त्रास, खाली आणली की दुसऱ्या टोकाला. व्हॅक्यूमच्या डबीवर संशय घेता येत नव्हता, कारण चढावर पेडल पूर्ण दाबलेले असताना तिचे काम तसेही थांबलेले असते. तिच्यातला पडदा फाटला तर सपाटीवर पेट्रोल जास्त लागेल, घाटात फरक पडणार नाही. उरली ती वजने.

शहरातल्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनकडे टायमिंग लाईट होता. हे पिस्तुलाच्या आकाराचे उपकरण पहिल्या प्लगच्या वायरीशी जोडतात आणि दर ठिणगीबरोबर त्याचा दिवा एकदा चमकतो. फिरत्या पुलीवर तो धरला की खाच प्रत्येक चमकेला त्याच जागी दिसते आणि पुली जणू थांबली आहे असे वाटते. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद केले, इंजिन मंद ठेवले, मग हळूहळू गती वाढवली. निरोगी गाडीत खाच मंद गतीच्या जागेपासून वीस-पंचवीस अंश सरकत जाते. आमची खाच जागची हलली नाही. खाच थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचे बुश झिजले असे समजायचे. ती मात्र अगदी स्थिर होती, जणू रंगाने काढलेली.

"चाचा, हे पाहायला दिवाच लागतो का?" आम्ही विचारले. त्यांनी इंजिन बंद केले, झाकण काढले, रोटर चिमटीत धरून फिरण्याच्या दिशेने पिळून पाहिला. "मास्तर, हा थोडा फिरायला पाहिजे आणि सोडला की स्प्रिंगने मागे यायला पाहिजे. तुमचा दगड झालाय." ही तपासणी पाच सेकंदांची आणि फुकटची. कॉम्प्रेशन, पॉइंट, बल्ब, दोन घाटवाऱ्या हे सगळे करण्याआधी ती करता आली असती.

पट्टी काढली तेव्हा खाली वजने गंजून खिळ्यांवर चिकटलेली दिसली. रोटरखाली जे स्क्रूचे तोंड असते तिथे अधूनमधून तेलाचे चार थेंब सोडायचे असतात. ते बहुधा मामांच्या काळापासून कोणी सोडले नव्हते. कॅमवर ग्रीसचा पातळ हातही नव्हता, म्हणून तर टाच इतकी झिजली. दोन दुखणी, कारण एकच: कोरडेपणा. रॉकेलने धुऊन, घासून, तेल देऊन सारे परत बसवले. बल्ब लावून टायमिंग पुस्तिकेतल्या जागी आणले, कानाला विचारले नाही. दिव्याखाली खाच गतीबरोबर सरकू लागली. पसरणीचा घाट गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, न थांबता चढली. खर्च झाला पॉइंटच्या एका जोडाचा आणि चाचांनी नको नको म्हणत घेतलेल्या थोड्या मजुरीचा.

वरिष्ठ विद्यार्थ्यांना हे दाखवायचे असेल तर भंगारातून एखादा जुना डिस्ट्रिब्युटर आणावा. तो हाताने फिरवून, टॉर्चचा बल्ब आणि सेल जोडून, दर पाव फेऱ्याला पॉइंट उघडतात हे पाहता येते. इथे बल्ब पॉइंटच्या ओळीतच जोडलेला असल्यामुळे पॉइंट उघडताना तो विझेल, गाडीतल्याच्या उलट. का, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. फट फिलर गेजने कमीजास्त करून बल्ब विझण्याची जागा कोनमापकावर किती सरकते याचा आलेख काढता येतो. डिस्ट्रिब्युटरवर मोजलेला एक अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन अंश, हे विसरू नये.

चालू गाडीवर टायमिंग लाईट दाखवणार असाल तर एक धोका आधी सांगा. त्या चमकेत फॅनची पातीही थांबल्यासारखी दिसू शकतात. ती थांबलेली नसतात. ओढणी, टाय, सैल बाही दूर ठेवावी, आणि प्लगच्या वायरीला चालू इंजिनात हात लावू नये. आजकालच्या गाड्यांत यातले काहीच नाही. तिथे नॉकिंग ऐकणारा संवेदक असतो आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. ॲम्बॅसडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. पण जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की आता पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल नॉकिंगला विरोध करते. टायमिंग थोडे पुढे गेले असले तरी हरभऱ्यांचा आवाज पूर्वीइतक्या लवकर येणार नाही.

राहिली एक गोष्ट. नव्या पॉइंटची टाच पहिल्या काही शे किलोमीटरांत थोडी घासून कॅमवर बसते आणि फट पुन्हा कमी होते. चाचांनी पाचशे किलोमीटरांनी फट तपासायला सांगितले होते. आम्ही ते विसरलो. दिवाळीच्या सुट्टीत गाडी पुन्हा जड ओढू लागली तेव्हा या वेळी आधी झाकण उघडले: फट ०.३० मिमी.